ऑनलाइन कोर्स : तुम्हाला कुठला झेपला, कुठला नाही?

ओसरी: काल माळा आवरताना आईची मुक्त विद्यापीठाची पुस्तकं सापडली. नाशिकचं यशवंतराव चव्हाण, स्थापना 1989ची, आणि आई बहुतेक सुरुवातीच्याच बॅचपैकी. पुस्तकांत सगळीकडे पेन्सिलने खुणा, कडेला तिच्या अक्षरात प्रश्न. ती म्हणायची मला लिहून काढल्याशिवाय डोक्यात जात नाही. मी तशीच आहे, पण आता सगळे कोर्स व्हिडिओचेच, आणि व्हिडिओ लावला की मी अर्ध्या तासात घोरते. एक्सेल आणि थोडं डेटाचं शिकायचंय, ऑफिसात आता लागतंय. तुम्ही आपल्या स्टाइलचा कोर्स कसा निवडता? अनुभव लिहा प्लीज.

गच्चीवाली: मला तारीख नसेल तर काहीही होत नाही. म्हणून एनपीटेल, आयआयटीवाल्यांचे ऑनलाइन कोर्स. शिकणं फुकट, परीक्षेला बसायचं तर हजार रुपये. दर आठवड्याला असाइनमेंट, त्याचे 25 मार्क आणि सेंटरवर जाऊन परीक्षा द्यायची त्याचे 75. बारा आठवड्यांच्या कोर्सला बेस्ट आठ असाइनमेंट धरतात, त्यामुळे दिवाळीत दांडी मारली तरी चालतं 😀 हजार रुपये भरले की आपण आपोआप बसतो अभ्यासाला.

उंटावरचा_शहाणा: "आपल्या स्टाइलचा कोर्स" ही भानगडच मला पटत नाही. 2008 मध्ये चार मानसशास्त्रज्ञांनी तोवरचं संशोधन तपासलं, तर बघून शिकणारा, ऐकून शिकणारा अशी विभागणी करून त्याप्रमाणे शिकवलं की जास्त येतं याला धड पुरावाच सापडला नाही. आवड वेगळी असते, ते खरं. पण कोर्समध्ये स्वतःला किती वेळा आठवून उत्तर द्यावं लागतं ते बघा. फक्त ऐकायचं असेल तर कीर्तनाला जा.

गच्चीवाली: शहाणे, कीर्तनाला तरी कुठे झोपू देतात 😂

सुगंधाकाकू: ओसरी बाळा, आयआयटी मुंबईचं स्पोकन ट्युटोरियल बघ, मराठीत पण आहे. व्हिडिओ छोटे, दहाएक मिनिटांचे. एका बाजूला व्हिडिओ, दुसऱ्या बाजूला आपण तेच करून बघायचं, थांबवायचं, परत. त्यात एक्सेल नाही, लिब्रेऑफिसचं कॅल्क आहे, एक्सेलसारखंच पण फुकट, सूत्रं बरीचशी तशीच. मी सोसायटीचा हिशोब त्यावर ठेवते, सेक्रेटरी अजून वहीत लिहितात आणि मला विचारतात काकू टोटल का जुळत नाही. कुकर झाला, नंतर लिहिते.

ओसरी: काकू 🙏 हे आजच बघते. शहाणे, मग माझं झोपणं कशात बसतं?

उंटावरचा_शहाणा: रात्रीच्या जेवणानंतर बघता का?

ओसरी: हो

उंटावरचा_शहाणा: झालं मग, कोर्सचा दोष नाही, भाताचा आहे.

रात्रपाळी: मी नर्स आहे, नाइट असते. सबटायटल नसतील तर कोर्स घेतच नाही, वॉर्डात आवाज लावता येत नाही. आणि खाली लिखित मजकूर असलेला बघते, मग ब्रेकमध्ये वाचून घेते, व्हिडिओ नंतर कधीतरी. लाइव्ह क्लास माझ्या कामाचाच नाही, रोस्टर दर आठवड्याला बदलतं.

मिरजकर: उलटं आहे माझं. जर्मनसाठी अ‍ॅप वापरलं, वाक्यं पाठ, टिंग टिंग वाजतंय, आणि समोर माणूस आला की तोंडातून फक्त "या या". मग पुण्याच्या मॅक्सम्युलर भवनचा लाइव्ह वर्ग लावला, ऑनलाइनच, पण समोर शिक्षक आणि बोलायला लागतंच. भाषा असेल तर लाइव्हच घ्या. सरावाला डॉइचे वेले या जर्मन प्रसारण संस्थेचे कोर्स फुकट आहेत. पैशाचं म्हणाल तर एका कंपनीने मला "आजच भरा, ऑफर रात्री संपते" म्हणून इतके फोन केले की आईने उचलून त्यालाच स्थळ विचारलं.

सुगंधाकाकू: आले परत. मिरजकर, मुलगा कसा होता मग?

मिरजकर: फोन ठेवला काकू त्याने 😭 पुन्हा आला नाही

गंगापूर_रोड: ओसरी, आमच्या गोवर्धनलाच आहे की मुक्त विद्यापीठ, धरणाच्या रस्त्यावर. माझे बाबा पण तिथलेच, नोकरी करून पदवी. रविवारी केंद्रावर जायचे तेव्हा डबा आम्ही बांधायचो. ती पुस्तकं टाकू नका.

ओसरी: नाही टाकत. आई म्हणाली द्या कुणाला, मी गप्प बसले.

गच्चीवाली: एक राहिलं, पैसे भरण्याआधी दोन-तीन धडे बघाच. कोर्सेरा या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर बऱ्याच कोर्सेसना आधी थोडं फुकट बघता येतं. शिक्षकाचा आवाज पाच मिनिटांत डोक्यात जात असेल तर दीड पट स्पीड करून बघा, तरीही नको वाटलं तर सोडा सरळ. मी पायथन प्रोग्रॅमिंगचा एक त्यामुळेच बंद केला, माणूस चांगला होता पण दर वाक्यानंतर "ओके?" म्हणायचा.

उंटावरचा_शहाणा: ओके?

सुगंधाकाकू: शहाणे, एकदा आमच्याकडे या, सेक्रेटरींना कॅल्क शिकवा. चहा देते.

रात्रपाळी: मी पण येते, मला पगाराच्या स्लिपचं कोडं सोडवायचंय. गुरुवारी ऑफ आहे.