पीसीओडी आणि इनोसिटॉलच्या पुड्या: आधी डबा की आधी तपासणी?

निशिगंध
भाची २३ वर्षांची. पाळी दोन-दोन महिने येत नाही, हनुवटीवर राठ केस येतायत. सोनोग्राफीत पीसीओडी (हार्मोन बिघडून होणारा अंडाशयाचा त्रास) निघालं आणि बाईसाहेबांनी इन्स्टावर बघून डबा मागवला. साखरेसारख्या इनोसिटॉलचे मायो आणि डी-कायरो हे दोन प्रकार ४०:१ प्रमाणात, शिवाय बायोटिन, क्रोमियम. महिन्याला दीड हजार. रक्त तपासलंस का विचारलं, तर नाही! साखर, थायरॉइड, प्रोलॅक्टिन हार्मोन बघितल्याशिवाय पुडी फोडू नये, असं माझं ठाम मत आहे.

चिंचगूळ
तपासणी करा, पण पुडीला नावं ठेवू नका. मेटफॉर्मिनने (पीसीओडीतही देतात ती मधुमेहाची गोळी) मला इतके जुलाब व्हायचे की रिक्षात पोट धरून बसायचे. शेवटी डॉक्टरांनीच मायो-इनोसिटॉल दिलं, २ ग्रॅम सकाळी, २ ग्रॅम रात्री, अर्धा पेला पाण्यात. चार महिन्यांत पाळी ३५ दिवसांवर आली. इन्सुलिनचा निरोप पेशीच्या आत पोचवायला इनोसिटॉल लागतं, म्हणजे हे काही थोतांड नाही.

ओली_माती
त्याच पैशात मटकी, अंडी, भाजी येते. रोज अर्धा तास चाला.

चिंचगूळ
@ओली_माती, मी रोज पाच किलोमीटर चालायचे. तरी पाळी यायची नाही.

खडीसाखर
मी स्त्रीरोग विभागात काम करते. चिंचगूळ, तुम्हाला गुण आला हे खरंच आहे. पण पीसीओएसवरची (पीसीओडीचंच वैद्यकीय नाव) २०२३ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं एवढंच म्हणतात की इनोसिटॉल घ्यायला हरकत नाही, अपाय कमी, फायद्याचा पुरावाही मर्यादित. कुठला प्रकार, किती मात्रा, हे सांगण्याइतका पुरावा नाही. मग डब्यावरच्या ४०:१ ला एवढे पैसे का मोजायचे? अंगावरचे केस आणि पोटाचा घेर यासाठी त्यात मेटफॉर्मिनलाच झुकतं माप आहे. ती गोळी जेवणासोबत, कमी मात्रेपासून वाढवत नेली की पोट बरंच सांभाळलं जातं, फक्त बी-१२ जीवनसत्त्वावर लक्ष ठेवावं लागतं.

मला खरी काळजी वेगळीच वाटते. मुली पुडीच्या भरवशावर सहा-सहा महिने पाळीची वाट बघत बसतात. तोवर गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं. तीन महिने पाळी आली नाही तर डॉक्टरांकडे जायलाच हवं. आणि निशिगंध, बायोटिन जास्त असेल तर थायरॉइडचा रिपोर्ट चुकीचा येऊ शकतो. किमान दोन दिवस आधी बंद करा.

चिंचगूळ
बायोटिनचं माहीत नव्हतं. पण मुली डब्याकडे का वळतात तेही बघा ना. वयाच्या १९व्या वर्षी मला एका दवाखान्यात पाच मिनिटांत सांगितलं, "वजन उतरव, लग्न झालं की बघू." केसांबद्दल विचारायची हिंमतच झाली नाही. मोबाईलवरची बाई निदान त्या केसांबद्दल बोलते तरी. भाचीला रागावू नका, डबाही फेकायला लावू नका.

निशिगंध
रागावले होते. आत्ताच फोन केला. शनिवारी उपाशीपोटी जातोय, ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन करायची साखरेची तपासणीही करून घेते. डबा आजपासून बंद, पण पिशवीत सोबत नेतोय, डॉक्टरांना दाखवायला. आणि हनुवटीच्या केसांचा विषय डॉक्टरांकडे मीच आधी काढणार आहे, तिला विचारायला लागू नये म्हणून.