मदत हवी आहे: व्हॉन विलेब्रांड ४३, धाकट्याचं १२१. लॅबने घोळ घातलाय का?

उतावळा_बाप
मोठ्याचा रिपोर्ट आला. व्हॉन विलेब्रांड फॅक्टर ४३ टक्के, रेंज ५० ते १६०. शंका नको म्हणून धाकट्याचाही केला, तर १२१. एकाच आईबापाची पोरं, एकाच कढईतलं जेवण. लॅब बदलू का? सोमवारच्या आत सांगा.

खमंग_काकू
सोमवारी काय आहे?

उतावळा_बाप
अक्कलदाढ काढायचीय. लिहायचं राहिलं.

निळासावळा
वय? रक्तगट? घोळणा फुटतो का? कापलं तर रक्त थांबायला वेळ लागतो का? मुळात ही टेस्ट कोणी आणि का सांगितली?

गव्हांकुर_प्रेमी
बीट, गाजर, गव्हांकुर. २१ दिवस उपाशीपोटी. आमच्या मेव्हण्याचं ८ वरून साडेअकरा झालं.

निळासावळा
अहो, ते हिमोग्लोबिन! हे रक्त गोठायला लागणारं प्रथिन आहे.

गव्हांकुर_प्रेमी
रक्त ते रक्तच.

लॅबवाली_ताई
लॅबला शिव्या देण्याआधी रक्तगट बघा. ओ गटाच्या धडधाकट माणसांतही हा फॅक्टर इतरांपेक्षा सरासरी पाव हिश्श्याने कमी असतो. या प्रथिनावर साखरेच्या साखळ्या लटकलेल्या असतात. त्यांवर ए किंवा बी गटाची खूण नसली की शरीर ते लवकर साफ करतं. फॅक्टर आठ (रक्त गोठवणारं आणखी एक प्रथिन) त्याच्याच आधाराने टिकतो, म्हणून तोही थोडा खाली येतो.

दगडी_पाटी
डॉक्टर उगाच घाबरवतात. माझा एपीटीटी (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती टेस्ट) लांबला म्हणून हर्नियाचं ऑपरेशन तीन आठवडे लटकलं. निघालं काय, तर जन्मजात फॅक्टर बारा कमी. टाके घालताना थेंबभर जास्त रक्त गेलं नाही.

लॅबवाली_ताई
बाराचा नियम इथे लावू नका. बारा कितीही कमी असला तरी रक्त वाहत नाही. व्हॉन विलेब्रांड फार उतरला तर वाहतं.

उतावळा_बाप
मोठा ओ, धाकटा ए. मी ए, बायको ओ. म्हणजे आजार नाही ना? हो किंवा नाही सांगा.

लॅबवाली_ताई
तसं सांगता येत नाही. ३० च्या खाली आजार धरतात. ३० ते ५० मध्ये आधी रक्तस्राव झालाय का, यावर ठरतं. शिवाय ताप, ताण, पळापळ यांनी आकडा तात्पुरता चढतो, म्हणून टेस्ट बहुधा पुन्हा करायला लावतील.

तपकीर
अवांतर: बॉम्बे ब्लड ग्रुप १९५२ साली आपल्या मुंबईत डॉ. भेंडे आणि सहकाऱ्यांनी शोधला. त्या लोकांत एच प्रतिजनच (ए-बी खुणा ज्यावर बसतात ती मूळ खूण) नसतं आणि हा फॅक्टर ओवाल्यांपेक्षाही कमी!

खमंग_काकू
ओवाल्यांच्या पायात गुठळ्या कमी होतात म्हणे?

निळासावळा
हो, धोका कमी असतो. पण बाप, तुम्ही अजून एकाही प्रश्नाचं उत्तर दिलेलं नाही.

उतावळा_बाप
बायकोला विचारलं. म्हणे दर उन्हाळ्यात घोळणा फुटतो, अर्धा अर्धा तास. दुधाचा दात पडला तेव्हा सकाळी उशी लाल होती. म्हणूनच दातवाल्यांनी टेस्ट सांगितली. मला कोणी काही सांगतच नाही.

निळासावळा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. सोमवारच्या आधी रक्तविकारतज्ज्ञांना दाखवा, त्यांनी हो म्हटल्याशिवाय दाढ काढू नका. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने देऊ नका. आणि वय?

उतावळा_बाप
१९. उद्याची अपॉइंटमेंट मिळाली.

गव्हांकुर_प्रेमी
रस मात्र सुरू ठेवा.