आनोव्हा म्हणतोय फरक आहे, ट्युकी म्हणतोय नाही, काय लिहू?

माळावरचा_पोरगा:
एमएस्सीचं प्रोजेक्ट करायलोय. बेळगुंदीकडं आमच्या शेतात रताळ्याला तीन खतं घातलेली, शेणखत, गांडूळखत आणि रासायनिक, प्रत्येकाचे १२ वेल उकरून वजन केलं. सरासरी १.१०, १.०९ आणि ०.८५ किलो. आनोव्हाचा (तिन्ही सरासऱ्या एकदम तपासणारी टेस्ट) पी, म्हणजे खतांत फरक नसताना नुसत्या योगायोगानं एवढा किंवा जास्त फरक दिसायची शक्यता, ०.०४ आला, ०.०५ च्या खाली म्हणून खूष झालो, तर ट्युकीत (जोड्या लावून तपासणारी टेस्ट) एकपण जोडी ०.०५ च्या खाली नाही, सगळ्यात कमी ०.०६. गाईड म्हणायलेत कायतरी चुकलंय, परत रन कर. तीनदा केलं की ओ, तेच येतंय.

निपाणीकर:
चुकलेलं नाही. आनोव्हा एवढंच बघतो की तिन्ही सरासऱ्या सारख्या धरून चालतंय का, कोण कुणापेक्षा वेगळा ते तो सांगत नाही. ट्युकी एकेक जोडी घेतो आणि तीन जोड्या तपासताना उगाच एखादी लागू नये म्हणून अट कडक करतो. तुझी दोन खतं जुळी आणि एक मागं, अशात हे होतंयच. पण ०.०६ म्हणजे "फरक नाही" असं लिहू नको. शेणखत-रासायनिक फरक ०.२५ किलो, त्याचा ९५% इंटरव्हल दे, म्हणजे खरा फरक कुठून कुठवर असू शकतो ते, साधारण −०.०१ ते ०.५१ येईल बघ.

माळावरचा_पोरगा:
तेवढंच आलं! आणि दोन सेंद्रिय मिळून एकीकडं, रासायनिक एकीकडं असं लावलं तर पी ०.०१ येतोय, हे टाकू?

निपाणीकर:
आधी ठरवलं होतंस काय? आकडे बघून सुचलं असेल तर ते ०.०१ धरू नको, शेफे लाव (आकडे बघून सुचलेल्या तुलनांसाठीची जास्त कडक टेस्ट), पी ०.०४ च्या आसपास जाईल.

खानापूरची_अक्का:
मधेच विचारते, १२ वेल एकाच सरीतले काय रे?

माळावरचा_पोरगा:
होय अक्का. शेणखत वरच्या सरीला, गांडूळखत मधल्या, रासायनिक खाली ओढ्याकडं.

खानापूरची_अक्का:
मग गेलं की! ओढ्याकडं पाणी साचतं, तिथं रताळं धरतंय कुठलं, नुसता पाला. फरक खताचा की ओलीचा हे कुठली टेस्ट सांगणार? वेल बारा दिसतात पण खत पडलेली सरी एकच, म्हणजे प्रत्येक खताचा एन (स्वतंत्र नमुने) एकच. आनोव्हा काढणारा संख्याशास्त्रज्ञ फिशर १९१९ ला इंग्लंडातल्या रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात गेला तिथं त्याला हेच दुखणं भेटलं, एकाच शेतात जागोजागी माती वेगळी. पुढच्या पावसाळ्यात उताराला आडवे चार-पाच पट्टे पाड, प्रत्येकात तिन्ही खतं, कुठलं कुठं ते चिठ्ठी टाकून. यंदाचं प्रबंधात आहे तसं लिही, आणि गाईडना तूच आधी सांग, व्हायवात (तोंडी परीक्षेत) बाहेरच्यानं विचारण्यापेक्षा बरं.

माळावरचा_पोरगा:
गाईडना सांगतो उद्या. चिठ्ठ्यांचं बाबांना कसं सांगायचं काय की, म्हणतील खत घालायलास की मटका लावायलास.