ईमेलवरून ठरलेल्या वेळी बाबांच्या साध्या फोनवर मेसेज पाठवता येईल का?

कऱ्हाडची_लेक

नमस्कार मंडळी. येत्या गुरुवारी बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, कराडलाच. मी एडिसनला, न्यू जर्सीत, आणि आई नाहीये त्यामुळे घरी ते एकटेच. चुलतभाऊ खालच्या आळीत राहतो, दोन वेळा डोकावतो पण त्याचं दुकान आहे, दिवसभर नाही थांबू शकत.

ऑपरेशननंतर थेंबांचं वेळापत्रक असतं ना, ते आम्हाला असं दिलंय की पहिला आठवडा एक बाटली दिवसातून सहा वेळा, दुसऱ्या आठवड्यात चार, मग तीन, असं उतरत जायचं, आणि दुसरी बाटली वेगळ्याच हिशोबाने. बाबांचा फोन बटणांचा, साधा, व्हॉट्सॲप नाही, आणि आता या वयात त्यांना नवा फोन शिकवायची ही वेळ नाही. फोनमधला अलार्म लावून बघितला पण अलार्म नुसता वाजतो, कुठली बाटली ते सांगत नाही, आणि दर आठवड्याला बदलणार कोण.

इकडे अमेरिकेत मी पूर्वी नंबर आणि पुढे ॲट करून मोबाईल कंपनीचा डोमेन असा मेल पाठवायचे, तो समोरच्याच्या फोनवर साधा मेसेज म्हणून जायचा. तसं भारतातल्या नंबरला करता येतं का? मी इथून मेल शेड्यूल करून ठेवीन आणि तिकडे वेळेवर मेसेज पडेल, एवढंच हवंय. प्लीज कोणी केलं असेल तर सांगा, गुरुवार जवळ आलाय.

जुना_सर्व्हरवाला

ताई, ती सोय आता तिकडेही मोडीत निघतेय. एटी अँड टी या तिकडच्या मोबाईल कंपनीने त्यांचं ईमेलवरून टेक्स्ट जायचं दार १७ जून २०२५ ला बंद केलं. कारण उघड आहे, मेल फुकट असतो त्यामुळे स्पॅमवाल्यांनी त्याच दाराने धुमाकूळ घातला होता.

भारतात तर तो रस्ता धरूच नका. इथे कॉम्प्युटरवरून मेसेज पाठवायचा म्हटलं की ट्रायचे, म्हणजे दूरसंचार नियामकाचे, २०१८ चे नियम लागतात. संस्थेने डीएलटीवर, म्हणजे मोबाईल कंपन्यांच्या मेसेज पाठवणाऱ्यांसाठीच्या नोंदवहीत, नोंदणी करायची, पाठवणाऱ्याचं नाव म्हणजे हेडर मंजूर करून घ्यायचं, मजकुराचा साचा आधी मंजूर करायचा, आणि साच्याशी जुळलं नाही तर मेसेज वाटेतच अडतो. बँकेला हे ठीक आहे, लेकीने बापाला पाठवायच्या मेसेजला नाही. ‘फ्री ईमेल टू एसएमएस इंडिया’ असं शोधून ज्या साइट सापडतील त्यांना बाबांचा नंबर देऊ नका, कळकळीने सांगतो.

चालणारा मार्ग सांगतो, कराडला एक जुना ॲन्ड्रॉइड फोन ठेवायचा, त्यात खरं सिम, आणि त्या फोनने तुमचा मेल वाचून स्वतःच्या सिमवरून मेसेज टाकायचा. एका माणसाने आपल्या घरच्या माणसाला पाठवलेला साधा मेसेज तो, त्याला कसली नोंदणी लागत नाही. चुलतभावाकडे वायफाय आहे का?

कऱ्हाडची_लेक

आहे, वरच्या खोलीत येतं. जुना फोनही आहे त्याच्याकडे, काच फुटलेला पण चालू.

जुना_सर्व्हरवाला

मग झालं की काम. काच फुटली तरी चालेल, फोन कायम चार्जरला आणि वायफायला हवा.

त्या फोनसाठी नवीन जीमेल खातं काढा आणि तो पत्ता कोणालाही देऊ नका, कारण त्या पत्त्यावर येणारा प्रत्येक मेल मेसेज होऊन बाबांकडे जाणार. फोनवर टास्कर टाका, फोनला आपोआप कामं करायला लावणारं ॲप आहे ते. त्याला सांगायचं की जीमेलचं नोटिफिकेशन आलं आणि पाठवणाऱ्यात तुमचं नाव असलं की त्यातला विषय उचल आणि अमुक नंबरला मेसेज कर. मजकूर मेलच्या विषयातच लिहा, आतमध्ये नको, नोटिफिकेशनमध्ये विषय हमखास दिसतो. मेसेज गेला की नोटिफिकेशन पुसून टाकायची पायरी घालायची, नाहीतर दोन मेल एकाखाली एक गोळा होतात आणि दुसरा सुटतो. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सेटिंगमध्ये जाऊन टास्कर आणि जीमेल दोघांचीही बॅटरी बचत बंद करा. बहुतेक लोकांचं इथेच अडतं, दोन दिवस चालतं आणि तिसऱ्या दिवशी फोन ॲपला झोपवतो.

आता शेड्यूलचं. जीमेलमध्ये शेड्यूल सेंड आहे, एका वेळी १०० मेल रांगेत ठेवता येतात. सहा वेळा गुणिले सात दिवस म्हणजे ४२, बसतात. पण ‘रोज पाठव’ असं काही त्यात नाही, प्रत्येक मेल वेगळा लावावा लागतो. कंटाळा आला तर गुगल शीटमध्ये तारीख, वेळ, मजकूर असे तीन रकाने करा आणि ॲप्स स्क्रिप्टचा, म्हणजे शीटला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचा, ट्रिगर दर पाच मिनिटांनी शीट बघेल आणि वेळ झालेला मेल पाठवेल असा लावा. ‘रोज सकाळी ८ ला’ असा ट्रिगर लावू नका, तो आठला म्हणून लावला तरी आठ ते नऊच्या मध्ये कधीही उडतो.

आणि घड्याळ! तुमच्याकडची घड्याळं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी एक तास मागे जाणार. आज कराडचे सकाळचे ८ म्हणजे तुमचे रात्रीचे साडेदहा, त्यानंतर साडेनऊ. सगळे मेल साडेदहाला लावून बसलात तर त्या रविवारनंतर थेंब नऊला पडतील. शीट आणि स्क्रिप्ट दोन्हीचा टाइमझोन कोलकाता, म्हणजे भारताचा, ठेवा म्हणजे हा प्रश्नच येत नाही.

दुरुस्ती_कट्टा

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान आहे, बटणांचे फोन रोज हातात असतात म्हणून फोनच्या बाजूने सांगतो.

आधी एक मराठी मेसेज पाठवून बघा. काही साध्या फोनात देवनागरी येत नाही, नुसत्या चौकटी दिसतात. येत असेल तर मजकूर आखूड ठेवा. इंग्रजीत एका मेसेजात १६० अक्षरं मावतात, देवनागरीत ७०, आणि त्यात काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार सगळं वेगळं मोजलं जातं. ‘थेंब’ म्हणजे आपल्याला दोन अक्षरं वाटतात, फोन चार मोजतो. ७० च्या वर गेलं की मेसेजचे तुकडे होतात आणि काही स्वस्त फोन ते तुकडे नीट जोडत नाहीत. हे बघा असं लिहा:

स. ८. पांढरं झाकण १ थेंब. ५ मिनिटांनी निळं झाकण.

याचे ४८ होतात, आरामात बसतं. बाटलीचं औषधी नाव लिहू नका, ऑपरेशन झालेल्या डोळ्याने ते कोण वाचणार, झाकणाचा रंग लिहा.

आणि ही वेळ मजकुरात लिहायचीच, हे मी मुद्दाम जोर देऊन सांगतोय. मेसेज आधी कंपनीच्या मेसेज सेंटरला जातो आणि फोन बंद असला तर तिथेच थांबतो, फोन चालू झाला की येतो. म्हणजे आठचा मेसेज अकराला पडू शकतो. त्यात नुसतं ‘आता थेंब टाका’ लिहिलेलं असेल तर माणूस अकराला परत टाकणार, आणि बाराचा आला की पुन्हा. थेंबाचं एक वेळ ठीक आहे पण उद्या कोणी हे वाचून शुगरच्या गोळीला लावलं तर फार वाईट होईल. माझ्या सासऱ्यांच्या बाबतीत गोळी दोनदा होता होता राहिली म्हणून एवढं बोलतोय.

अजून एक, साध्या फोनचा इनबॉक्स लहान असतो, जाहिरातींच्या मेसेजनी भरला की नवीन येत नाही, वर नुसतं पाकीट लुकलुकत राहतं. भावाला सांगा आधी सगळं डिलीट कर आणि बाबांच्या सिमवरून १९०९ ला START 0 असा मेसेज टाक, हे तेवढं इंग्रजी अक्षरांतच, म्हणजे जाहिराती बंद.

वाचनालय_सेवक

मधेच विचारतो, आमच्या वाचनालयाचे २०० सभासद आहेत, पुस्तक परत करायची आठवण याच युक्तीने पाठवली तर चालेल का?

जुना_सर्व्हरवाला

नको. घरच्या एका माणसाचं वेगळं आणि संस्थेने २०० जणांना पाठवणं वेगळं. सिमच्या प्लॅनमध्ये बहुतेक दिवसाला १०० मेसेज असतात ते एक, आणि साध्या दहा आकडी नंबरवरून एकसारखे मेसेज सुटायला लागले की तक्रार होऊन नंबरच बंद होतो. संस्थेच्या नावाने डीएलटी करा, एकदाच त्रास आहे.

ताई, तुमच्या त्या फोनच्या सिमला डेटा लागत नाही, वायफाय आहेच. फक्त कॉल आणि मेसेजचा रिचार्ज मिळतो आता, २०२४ च्या डिसेंबरात ट्रायने कंपन्यांना तसे पॅक द्यायला लावले, तो घ्या.

पाटणकर_काकू

बाळ, हे सगळं कर पण दिवसातून एक फोन तूही कर. माझं ऑपरेशन झालं तेव्हा थेंब कोणीही सांगितले असते, पण दुपारी घर रिकामं असतं ना, तेव्हा कोणी विचारलं की बरं वाटतं. आणि थेंब टाकून झाले की बाबांना तुला मिस्ड कॉल द्यायला सांग, म्हणजे झालं की नाही ते तुला कळेल.

कऱ्हाडची_लेक

नऊ दिवसांनी लिहितेय, सगळ्यांचे खरंच मनापासून आभार. ऑपरेशन छान झालं.

शीटवाला मार्ग केला. भावाने व्हिडिओ कॉल लावून फोन समोर धरला आणि मी एकेक बटण सांगत गेले, दोन तास लागले. देवनागरी बाबांच्या फोनवर नीट येते. पहिल्या दिवशी सहाच्या सहा मेसेज वेळेत गेले. तिसऱ्या दिवशी दुपारी बाराला मिस्ड कॉल आला नाही, दोनचाही नाही, मी इकडे पहाटे साडेचारला उठून बसले. भावाला पाठवलं तर इनबॉक्स भरलेला. १९०९ चं सांगूनही आमच्याकडून राहून गेलं होतं, ते त्याने तिथेच केलं आणि जुने मेसेज सगळे पुसले. पुसल्याबरोबर अडकलेले दोन मेसेज एकदम पडले, बाराचा आणि दोनचा, आणि बाबांनी फोन डोळ्यासमोर धरून वेळा वाचल्या आणि म्हणाले, बाराचा गेला, दोनचाच टाकतो. दुरुस्तीवाले दादा, तुमचा तो ‘स. ८’ त्या दिवशी कामाला आला.

काकू, फोन रोज करते, त्यांच्या दुपारच्या चहाच्या वेळेला, मी ऑफिसला निघायच्या आधी.

काल सहाचं चार झालं. शीटमधल्या रोजच्या दोन ओळी पुसल्या, बाकी काही करावं लागलं नाही. आता एकच अडचण आहे, बाबांच्या फोनची मेसेजची रिंग फारच छोटी आहे, एकदाच टिंग होतं आणि ते ओसरीत असले की ऐकू जात नाही. मेसेजला लांब रिंग लावता येते का साध्या फोनात?

दुरुस्ती_कट्टा

येते बहुतेक फोनात. सेटिंगमध्ये प्रोफाइल, त्यात जनरल, त्यात मेसेज टोन. यादीत सगळ्यात लांब वाजणारी निवडायची. नाही सापडली तर भावाला फोन घेऊन गावातल्या कुठल्याही दुरुस्तीवाल्याकडे पाठवा, पाच मिनिटांचं काम आहे, पैसेही घेणार नाही कोणी.