डॉक्टर-नर्सना स्वतःवर माया करायला शिकवायचं की आधी ड्यूटी कमी करायची?

रातपाळी: आमच्या मेडिकल कॉलेजात रेसिडेंट्ससाठी, म्हणजे शिकता शिकता वॉर्डात राबणाऱ्या डॉक्टरांसाठी, आत्मकरुणेचं सत्र झालं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ क्रिस्टिन नेफ यांनी २००३ मध्ये मांडलेली कल्पना: पेशंट दगावला की स्वतःला झोडपायचं नाही, जिवलग मित्राला सांभाळतो तसं स्वतःला सांभाळायचं, हे आपल्या एकट्याच्याच वाट्याला येतं असं मानायचं नाही, दुःख दाबायचं नाही आणि त्यात वाहूनही जायचं नाही. कल्पना चांगलीच आहे. पण सत्र ठेवलं कधी, तर नाइट संपवून आलेल्या पोरांना दुपारी! केंद्राच्या १९९२ च्या रेसिडेन्सी योजनेत आठवड्याला ४८ तास लिहिलेत. २०२४ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलाने शिफारस केली ती जास्तीत जास्त ७४ तासांची. बत्तीस वर्षांत ही प्रगती! आधी झोपू द्या.

आयसीयू_सिस्टर: तासांचं शंभर टक्के मान्य. पण उद्या ४८ तास झाले तरी पहाटे गेलेलं लेकरू डोक्यातून जात नाही. घरी भाजी चिरतानाही 'आधी कळवलं असतं तर' सुरूच. ते कुठल्या जीआरने थांबणार? आमच्यात रीत अशी की चादर बदलायची, पुढची अ‍ॅडमिशन घ्यायची. डोळे भरले तर 'नवीन आहे वाटतं'.

पेशंटचा_भाऊ: स्पष्ट बोलतो, राग नको. तुम्ही स्वतःला माफ करायला लागलात तर आम्ही दाद कुणाकडे मागायची?

आयसीयू_सिस्टर: दादा, उलट आहे. स्वतःला फाडून खाणारा माणूस चूक झाकायला बघतो. थोडा सावरलेला असला तर सिनियरला जाऊन सांगतो.

मार्डवाला: सिस्टर, प्रशासनाला हेच आवडतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये बर्नआउटला, म्हणजे कामाने पार पिचून जाण्याला, आजार म्हटलं नाही, कामावरच्या न आवरलेल्या ताणाशी जोडलं. इथे मात्र इलाज आमच्या मनावर! भरती रखडलेली, नातेवाईक कॉलर धरतात, हल्ल्यांविरुद्धचा २०१० चा कायदा आम्हाला तरी कागदावरच दिसतो. फाइलवर मात्र 'मानसिक आरोग्य: कार्यवाही पूर्ण'. खंबीर झालेला रेसिडेंट दुप्पट राबवता येतो, एवढंच.

आयसीयू_सिस्टर: 'मी थकलेय' म्हणायची लाज वाटते, त्याच सगळ्यात जास्त राबतात हो. स्वतःची कदर असलेली बाई डबल ड्यूटीला नाही म्हणते.

रातपाळी: अर्धं पटलं. पण नाही म्हणणाऱ्या रेसिडेंटच्या थिसिसवर सही कोण करतं, तेही सत्रात सांगा म्हणावं.