पिकअप मागून बसलीय: पाटा वाढवू की शॉकअप बदलू?

अंजीरवाला_पुरंदर
नमस्कार मंडळी. गाडी २०१२ ची बोलेरो पिकअप. सासवडहून पुण्याच्या मार्केट यार्डात माल टाकतो. सीझनला अंजीर, मग सीताफळ, पेरू. मधल्या काळात गावातल्या कोणाचं खत, कोणाचं सिमेंट.

गाडी मागून डावीकडे बसलीय. सपाट फरशीवर लावून चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंत टेप लावली, डावी बाजू दीड इंच खाली. रिकामी असताना स्पीडब्रेकर आला की मागे खाडकन आवाज, आणि नंतर हौदा हेलकावे खात राहतो. दिवे घाट उतरताना वळणावर मागची बाजू स्वतःच्या मर्जीनं चालते.

अंजिराचं सांगायला नको. पिकलेल्या फळाला बोट दाबलं तरी डाग पडतो. यंदा मीठा बहाराच्या हंगामात खालच्या थराचे क्रेट उघडले की फळ फुटून पाझरलेलं. आडत्या काही बोलत नाही, भाव मात्र पाडतो.

मागच्या चाकांच्या कमानी (एकावर एक बसवलेल्या पोलादी पट्ट्या, म्हणजे पाटे) दुरुस्त करणारा एक कमानवाला म्हणतो, "बसलेले पाटे तापवून चढवतो, वर एक पाटा वाढवतो, गाडी उभी राहील." गॅरेजवाला म्हणतो, शॉकअप (शॉक अ‍ॅब्सॉर्बर) गेलेत, चारही टाका. कोणाचं ऐकू? दोन्हीकडे पैसे घालायची ऐपत नाही.

भोसरी_टेम्पो
पाटा वाढवा, विषय संपला. माझ्या गाडीत वाढवलाय. लोखंड भरतो, गाडी हूं की चूं करत नाही.

जुना_मिस्त्री
भोसरीकर, तुम्ही लोखंड नेता, हे अंजीर नेतात. लोखंडाला दणका बसला तर भाव उतरत नाही.

अंजीरवाले, तुमच्या गाडीला दोन वेगळे आजार आहेत, आणि दोघे एकेकाचंच औषध देतायत. वजन तोलतात ते पाटे. शॉकअप वजन उचलत नाही, तो फक्त हेलकावा मारतो. चारही शॉकअप नवे टाकलेत तरी ती दीड इंच तशीच राहणार. आणि पाटे कितीही वाढवलेत तरी हेलकावे थांबणार नाहीत.

आधी बॅटरी घेऊन गाडीखाली जा. डाव्या कमानीचा एकेक पाटा कापडानं पुसून बघा. पाटा बहुतेक वेळा मधोमध, सगळे पाटे एकत्र धरणाऱ्या सेंटर बोल्टच्या भोकापाशी तुटतो, आणि कमान अ‍ॅक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टच्या आड असल्यामुळे सहज दिसत नाही. तुटल्या जागी गंजाची तांबडी रेघ असते. मग शॅकलखाली (कमानीचं टोक चासीला जोडणारी हलती कडी) पहार घालून हलवा. खडखड हलला तर आतले रबरी बुश संपलेत, तुमचा खाडकन आवाज बहुधा तिथलाच. शेवटी कमानीच्या पुढच्या पिनपासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजा. फरक आला तर सेंटर बोल्ट तुटून अ‍ॅक्सल सरकलाय. वळणावर मागची बाजू ऐकत नाही, त्याचं हेही कारण असू शकतं.

आता तापवण्याबद्दल. गॅसची ज्योत लावली की पाट्याचं टेम्पर, म्हणजे पोलादाची लवचीक ताकद, जातं. आज कमान चढलेली दिसेल, चार भाड्यांत परत बसेल किंवा मोडेल. तसलं काम मी माझ्या हयातीत कुणाला करून दिलं नाही.

पाटा वाढवायला माझा विरोध का? अंजिराचा माल हलका. जास्तीच्या पाट्यानं गाडी कडक होणार आणि प्रत्येक खड्डा थेट क्रेटमध्ये जाणार. शिवाय काही गाड्यांना मागच्या ब्रेकसाठी वजनाप्रमाणे दाब ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, त्याची दांडी अ‍ॅक्सलला जोडलेली असते. तुमच्या गाडीला आहे का बघा. मागची बाजू उंच राहिली की त्याला गाडी रिकामीच वाटते, आणि सिमेंट भरलेलं असतानाही मागचा ब्रेक कमी लागतो. दिवे घाट उतरताना हे परवडणारं नाही.

नारायणगाव_भाजी
दादा, मागच्या टायरात हवा किती ठेवता? सिमेंटच्या हिशोबानं भरून तीच हवा अंजिराला ठेवत असाल तर गाडी उडणारच. कंपनीच्या तक्त्यात रिकाम्या आणि भरलेल्या गाडीचे आकडे वेगळे असतात. आणि नाजूक क्रेट केबिनच्या पाठीला लावा. मागच्या चाकाच्या मागे सगळ्यात जास्त उसळी बसते. टोमॅटो नेताना आम्ही फाळक्याजवळ कच्चा माल ठेवतो, पिकलेला पुढे.

अंजीरवाला_पुरंदर
मिस्त्री, बघितलं. डाव्या कमानीचा तिसरा पाटा मधोमध तुटलाय, रेघ तुम्ही म्हणालात तशीच. शॅकलचा बुश लंबगोल झालाय, पिन आत नाचते. अंतर दोन्हीकडे सारखं. उजव्या मागच्या शॉकअपवरून तेल ओघळलंय, डावा कोरडा. आणि नारायणगावच्या ताई, हवा वर्षभर एकच ठेवतो, तेही खरं.

आता फक्त डावी कमान आणि उजवा शॉकअप बदलला तर चालेल ना?

जुना_मिस्त्री
नाही. मागचे दोन्ही शॉकअप जोडीनं टाका. कोरडा आहे म्हणजे चांगला आहे असं नाही, वय दोघांचं एकच. पुढच्यांना सध्या हात लावू नका. पुढच्या टायरवरून तळवा फिरवा. मध्येच खोलगट, मध्येच उंच लागलं तर त्यांचाही विचार करू, नाहीतर ते पैसे वाचवा.

कमानीही दोन्ही बाजूंना घ्या, कंपनीच्या पाट्यांइतकेच पाटे. एकच नवी टाकली तर गाडी उजवीकडे कलेल. ऐपत नसेल तर डावीचा तुटलेला पाटा त्याच जाडीचा नवा घालून भागवा, पण बुश आणि पिना दोन्हीकडच्या नव्या.

काम चालू असताना तिथं उभे राहा. यू-बोल्ट जुने परत लावू देऊ नका, ते ताणलेले असतात. नवा शॉकअप उभा धरून चार-पाचदा पूर्ण दाबून ओढायचा, आतली हवा निघते, मग बसवायचा. आणि रबरी बुशचे नट गाडी जॅकवर असताना आवळायचे नाहीत. चाकं जमिनीवर टेकली, गाडी आपल्या वजनावर बसली की मगच पूर्ण टाइट. हवेत आवळले तर रबर कायम पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं. बहुतेक गॅरेजात घाईत हेच होतं. पाचशे किलोमीटर झाले की यू-बोल्ट पुन्हा आवळून घ्या.

भोसरी_टेम्पो
आठ वर्षांवरची गाडी आहे, दरवर्षी पासिंग (आरटीओची फिटनेस तपासणी) लागतंच. त्याआधी उरकून घ्या. दिवे गावच्या आरटीओ ट्रॅकवर तुटक्या पाट्यानं गेलात तर चक्कर वाया.

अंजीरवाला_पुरंदर
पासिंग पुढच्या महिन्यात आहे. शॉकअप दोन्ही आणि बुश-पिना आत्ता घेतो, डावीला पाटा घालतो, पूर्ण कमानी पुढच्या खट्टा बहाराच्या हंगामाआधी. मिस्त्री, पाटा पुण्यात नाना पेठेत मिळेल का?

जुना_मिस्त्री
मिळेल. तुटलेला पाटा सोबत न्या. जाडी, रुंदी आणि भोक त्याच्यावर ठेवून जुळवा, नुसतं गाडीचं नाव सांगून घेऊ नका.