कौलारू घर जपा म्हणणाऱ्यांनी मे महिन्यात शाकारणीला यावं

भुदरगडकर
परवापासून एक पोस्ट फिरते आहे. पुण्यात फ्लॅटमध्ये राहणारे एक गृहस्थ आजोळच्या घराच्या सोप्यात टेकून बसलेत, आणि खाली लिहिलंय की गावातली माणसं कौलारू घरं पाडून सिमेंटची खुराडी बांधतात, त्यांना आपल्या ठेव्याची किंमत कळत नाही. लोकांनी बदामांचा पाऊस पाडलाय.

मी त्या ठेव्यात बारा महिने राहतो, म्हणून लिहितो. गारगोटीच्या पुढं मळ्यात घर आहे. पांढऱ्या मातीच्या भिंती, पुढं सोपा, मधी माजघर, मागं परडं, बाजूला गोठा. मे महिना आला की पोटात गोळा येतो. पूर्वी शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं काढून परत नीट लावायला, गल्लीतली पोरं पैऱ्यानं, एकमेकांच्या कामाला आळीपाळीनं, यायची. आज ती पोरं शिरोलीच्या नाहीतर गोकुळ शिरगावच्या फाउंड्रीत आहेत आणि तिकडं बरं कमावतात. कौलावर चढणारा माणूस हजेरी सांगतो ती ऐकून खाली बसायची वेळ येते. तो शाकारून जातो आणि आठ दिवसांत वानरांची टोळी येऊन अर्धी कौलं फोडते. खापरी कौल आता कोण घडवतंय? मंगलोरी घालायची तर वासे-रिपा सगळंच बदलायला लागतं. घुशींनी भिंत पोखरलीय. एका पावसाळ्यात धान्याच्या बळदात घोणस निघाली. आईचे गुडघे गेलेत, सारवणार कोण? वडिलांना रात्री चार वेळा उठावं लागतं आणि संडास परड्याच्या टोकाला.

दिवाळी झाली की जेसीबी लावणार. आरसीसी, चार खोल्या, वर स्लॅब. ठेवा ज्यांना पाहिजे त्यांनी टेम्पो घेऊन यावं, खांब भरून देतो.

चुन्याची डबी
सगळं वाचलं. एकच विचारतो. भिंतीला बाहेरून खालच्या तीन-चार फुटांत सिमेंटचा गिलावा केलाय का?

भुदरगडकर
केलाय. गावात सगळ्यांनीच केलाय. गवंडीच सांगतो तसा.

चुन्याची डबी
तिथंच घर मारलंय. मातीची भिंत जोत्यातून ओल वर ओढते आणि वाऱ्या-उन्हात सोडून देते. शंभर वर्षं तिचा असाच कारभार चाललेला असतो. त्यावर सिमेंट थापलं की ओलीला बाहेर पडायला वाट राहत नाही. ती आतच मुरते, भिंतीचा पाया मऊ पडतो, मग घुशी शिरतात आणि वाळवी लाकडाकडं चढते. चार वर्षांनी गिलाव्याचा पापुद्रा आख्खा सुटून पडला की लोक म्हणतात, बघा, मातीचं घर टिकत नाही. टिकलं नाही ते सिमेंट.

गिलावा काढा, भिंत एक उन्हाळा वाळू द्या, मातीचा नाहीतर चुन्याचा हात द्या, पागोळ्यांचं पाणी भिंतीपासून लांब न्या. पाडायला लागत नाही. आणि स्लॅबचं कौतुक सांगू नका. कोल्हापुरात कुठल्याही उपनगरात गच्चीवर उभं राहून बघा, निम्म्या स्लॅबवर पत्र्याचं शेड आहे. गळतो म्हणून आणि एप्रिलमध्ये खाली भाजतं म्हणून. लाखो रुपये घालून शेवटी पत्र्याखालीच झोपायचं असेल तर कौलांनी काय घोडं मारलं होतं?

तांबडा रस्सा
लई भारी सांगितलं राव. आता चुन्याचा गवंडी कुठं मिळतोय तेवढं पण सांगा. चुन्यात हिरडा आणि गुळाचं पाणी घालायचं म्हटलं तर आमचा गवंडी विचारतो, 'काकवी करायची हाय का घर बांधायचं हाय?'

चुन्याची डबी
मिळतात. तुम्ही शोधलाय का कधी? 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृह जळालं तेव्हा आख्खं कोल्हापूर रस्त्यावर उतरून हळहळलं. होतं तसंच उभं राहिलं पाहिजे, अशी मागणी झाली. एकानं तरी म्हटलं का, की त्या जागी स्लॅबचा हॉल टाका? शाहू महाराजांनी बांधलेलं म्हणून डोळ्यांत पाणी आणि पणजोबांनी बांधलेलं म्हणून जेसीबी?

तांबडा रस्सा
ते सरकारच्या पैशानं होतंय, हे आमच्या. आणि लाकडी होतं म्हणूनच तसं भडकलं की! तुमच्याच तोंडानं आमची बाजू मांडलीत.

प्रयाग संगम
आम्हा चिखलीकरांना ही चर्चाच नको वाटते. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याला इशारा पातळी 39 फूट, धोका 43 फूट, हे आमच्याकडं शाळेतल्या पोराला पाठ असतंय. 2019 ला पाणी 55 फुटांच्या वर गेलं. मातीची भिंत पाण्यात पडत नाही, पाणी उतरल्यावर पडते. आम्ही घरी परतलो, दार उघडलं, सगळं उभं होतं. हायसं वाटलं. मग ऊन पडलं आणि दुपारी मधली भिंत बसली ती माळ्यासकट. 2021 ला पुन्हा तेच. कॉलम उभे करून बांधलेल्या शेजाऱ्यानं नुसता गाळ धुऊन काढला आणि राहायला आला. चुना लावायला सांगणाऱ्यांनी एक पूर आमच्यात काढावा.

चुन्याची डबी
पूररेषेत मातीचं घर ठेवा असं मी कुठंही म्हटलेलं नाही. तिथं कॉलमच पाहिजेत, मान्य. पण गारगोटीच्या मळ्यात पंचगंगा कुठनं चढणार?

प्रयाग संगम
वेदगंगा आहे की तिथं. नकाशा बघा जरा.

चुलीपुढची
सगळे बापे सोप्याबद्दलच बोलतायत म्हणून लिहिते. सोप्यात उजेड, सोप्यात वारा, सोप्यात पाहुणे, सोप्यात चहा. तो चहा जिथनं येतो तिथं खिडकीच नसते. माजघरात मी दुपारी बारा वाजता दिवा लावून तांदूळ निवडलेत. धूर कौलातनं जातो म्हणतात, आधी तो माझ्या डोळ्यांतनं जातो. बाळंतीण होते तेव्हा भर पावसात, रात्रीचं, छत्री धरून परड्यात गेलेय, सासूबाई कंदील घेऊन मागं. पोस्टवाल्या गृहस्थांच्या आजीला कुणी विचारलं होतं का, घर कसं आहे? घर जपा, पण पहिलं माजघराच्या भिंतीला भोक पाडा.

आणि भुदरगडकर भाऊजी, पाडणार म्हणताय, पण कागदावर घर कुणाच्या नावावर आहे? की अजून पणजोबाच मालक आहेत?

भुदरगडकर
आजोबांच्या नावावर आहे. वारसांत वडील आणि दोन आत्या. कर्जासाठी बँकेनं सगळ्यांच्या सह्या मागितल्यात. आत्या हक्कसोड, म्हणजे हिस्सा सोडल्याचा कागद, देतील, माझी बहीणपण देईल. सगळ्या समजूतदार आहेत. तो प्रश्न नाही.

कागलची लेक
तोच प्रश्न आहे! समजूतदार म्हणजे काय हो? विचारलं नाही तरी सही करणारी?

माझ्या भावानं असंच 'घर नवीन करायचंय' म्हणून सही घेतली. वडिलांच्या बाराव्याला, जेवणावळी उठायच्या आत. वकील मांडवात हजर. मला वाटलं बँकेचा कागद आहे. होतं हक्कसोड. बदल्यात साडी-चोळी आणि 'माहेर तुझंच आहे' हे वाक्य. आता घर झालंय झकास, वरच्या मजल्यावर भाच्याची जिम आहे. मी गेले की हॉलमधल्या सोफ्यावर झोपते. वडील असताना माडीवरची खोली माझी होती.

महाराष्ट्रानं 1994 ला मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, केंद्रानं 2005 ला. बाप 2005 ला हयात नव्हता असल्या पळवाटा सुप्रीम कोर्टानं 2020 ला बंद केल्या. कायदा झाला, पण भाऊबीजेच्या ताटात अजून हक्कसोडच मागतात.

तांबडा रस्सा
ताई, राग मानू नका, पण आई-वडिलांचं आजारपण कुणी काढलं? दवाखाना, सोसायटीचं कर्ज, भावकीतली भांडणं, ते घर पडू नये म्हणून दरसालचा खर्च? वाटणीला सगळे आणि शाकारणीला एकटा भाऊ. माझ्या बहिणींनी सही दिली नाही. घर आता ना पाडता येतंय ना दुरुस्त करता येतंय. मागची भिंत बसली, त्या भिंतीतपण तिघींचा हिस्सा आहे म्हणायचं.

कागलची लेक
माझ्या आईचं शेवटचं दीड वर्ष माझ्या घरी गेलं, कागलला. तिच्या औषधाची चिठ्ठी सातबाऱ्याला जोडू का? आणि सही का दिली नाही ते बहिणींना एकदा तरी विचारलंत, की नुसते कागद पाठवलेत?

तांबडा रस्सा
तुम्ही माझ्या घरात शिरू नका.

कागलची लेक
शिरायला कुणी देतंय होय! तीच तर तक्रार आहे.

प्रयाग संगम
ताईंचं बरोबर आहे. आमच्यात चुलत बहिणीनं हक्क सोडला नाही, उलट बांधकामाला पैसे घातले. आज पूर आला की तीच पहिला फोन करते.

तांबडा रस्सा
तुमच्या बहिणीकडं पैसे असतील. सगळ्यांच्याकडं नसतात.

आजरा घनसाळ
भांडण चालू द्या, पण मूळ विषयावर दोन शब्द. आमचं चिऱ्याचं घर. आम्ही मधला मार्ग काढला. पुढचा सोपा आणि माजघर ठेवलं, माजघरात दोन खिडक्या काढल्या, कौलांत चार काचेची कौलं बसवली. मागचं परडं मोडून स्वयंपाकघर, संडास-बाथरूम आरसीसीत. वडील खूश, आई त्याहून खूश. पण फोटो बघून फसू नका. जुनं छप्पर नव्या भिंतीला जिथं टेकतं तिथं पन्हळ कितीही मोठी घाला, आजऱ्याच्या पावसाला ती पुरत नाही. पाला अडकला की पाणी थेट देव्हाऱ्यावर. दरसाल जूनला शिडी लावून तिथं चढतोय. स्वस्तातही पडलं नाही. वायरिंग आणि नळाच्या कामात गवंडी रोज नवीन काहीतरी उकरायचा. ज्यांना वाटतं की दुरुस्ती निम्म्या पैशात होते, त्यांनी तो विचार सोडावा.

एक मात्र ऐका. 'फुकट पाडून देतो' म्हणणाऱ्या ठेकेदाराला होकार देऊ नका. त्याचा डोळा लाकडावर असतो. तुमचे सागवानी खांब आणि तुळया हॉटेलवाल्यांना विकून तो पाडायच्या खर्चाच्या कितीतरी पट काढतो.

भुदरगडकर
हे कामाचं बोललात. आमच्याकडं तसाच एक येऊन गेलाय, चहापण पिऊन गेला.

चुनेवाले, गिलाव्याचं तुमचं पटलं असं समजा. काल एका कोपऱ्यातलं सिमेंट पहारीनं उचकटलं, आतली माती पिठासारखी हाताला आली. पण एक उन्हाळा भिंत वाळवत बसायला वडिलांचं वय थांबत नाही. पाडणारच आहे. सोप्याचे खांब नव्या व्हरांड्यात लावतो, मग म्हणा ठेवा जपला.

चुन्याची डबी
आरसीसीच्या व्हरांड्यात शोभेचे सागवानी खांब. वा. न्यू पॅलेस म्युझियमसारखी तिकीटखिडकीपण उघडा.

कागलची लेक
खांबांचं ठरलं. आत्यांचं काय ठरलं?

भुदरगडकर
काल थोरल्या आत्याला फोन केला. म्हणाली, सही देते, पण नकाशा आधी दाखव आणि त्यात माझी खाट कुठं ते सांग. तुमच्या पोस्टी ती वाचते की काय कळेना. चार खोल्यांत तर बसत नाही. पाचवी काढायची म्हणजे गोठ्याची जागा घ्यावी लागते, आणि दोन म्हशी अजून हक्कसोडाला तयार नाहीत.